कार्यक्रमाआधीचा तो ‘टूंऽऽ’ आवाज

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ गृहस्थांचं पत्र वाचलं. शहरातल्या एका नाट्यगृहात ते अभंगांच्या कार्यक्रमाला गेले होते. लोक येऊन बसत असताना दहा-बारा मिनिटं स्पीकरमधून आधी ‘टूंऽऽ’ असा सलग आवाज आणि मग मुसळधार पावसासारखी खरखर चालू होती, मध्यंतरानंतर सात मिनिटं आवाज साफ बंद पडला, एवढी महागडी यंत्रं आणूनही साऊंडवाल्यांना साधं काम जमत नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. त्या दिवशी मिक्सरवर मी होतो. त्यांच्या कानांना त्रास झाला, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. ती तपासणी दारं उघडायच्या आधीच संपायला हवी होती. पण ती केलीच नसती तर पुढचे अडीच तास त्यांना याहून जास्त त्रास झाला असता. शहरातल्या सगळ्याच सभागृहांशी याचा संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ‘टूंऽऽ’बद्दल. माझ्या वयाच्या वाचकांना दूरदर्शनवरच्या रंगीत पट्ट्या आठवत असतील. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर उभ्या पट्ट्या आणि मागे एकसुरी आवाज. तो आणि आमचा आवाज एकाच कुळातले. सेकंदाला १,००० कंपनांचा शुद्ध सूर. त्यात चढउतार नसतो, म्हणूनच त्यानं मोजता येतं. ‘हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हटलं की माईक चालू आहे एवढंच कळतं. माणसाचा आवाज दर क्षणाला वरखाली होतो, मग डावा स्पीकर उजव्यापेक्षा किती कमी आहे हे त्यावरून कसं ठरवणार?

हा सूर आम्ही पूर्ण ताकदीनं कधीच सोडत नाही. डिजिटल मिक्सरमध्ये शून्य म्हणजे छत. त्याच्यावर जागा नाही, तिथे आवाज फाटतो. म्हणून सूर छताच्या १८ डेसिबल खाली ठेवायचा, फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, अगदी तळाला न्यायचा आणि मग हळूहळू वर आणायचा. या वरच्या मोकळ्या १८ डेसिबलमध्ये गायकाची तार सप्तकातली तान मावते, पखवाजाची कडक थाप मावते. सलग सूर जोरात सोडला तर स्पीकरमधलं तार स्वरांचं बारीक युनिट तापून जळू शकतं. उतावीळपणानं जळालेली अशी दोन युनिटं मी दुकानात ठेवली आहेत. नवीन मुलगा कामाला आला की आधी ती त्याच्या हातात देतो.

पंचवटीत माझ्या वडिलांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. गोदाघाटावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते, तिथे लहानपणी मी भोंगे खांद्यावरून नेले आहेत. तेव्हा बिघाड शोधायचा म्हणजे तार हातात धरून शेवटापर्यंत चालत जायचं. तुटलेली जागा बोटांना लागायची. नंतर मल्टीकोर केबल आली, मनगटाएवढी जाड, चोवीस माईकांची, उचलायला दोन माणसं लागायची. तीही हातानं तपासता यायची. आता स्टेजवरून मिक्सरपर्यंत आणि मिक्सरवरून ॲम्प्लिफायरपर्यंत करंगळीपेक्षा बारीक नेटवर्कची वायर जाते, कॉम्प्युटरला लावतात तीच. एका वायरीतून ६४ माईकांचे आवाज सहज जातात. आवाजाचे तुकडे होऊन, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लागून ते प्रवास करतात. ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेट कंपनीची डान्टे ही त्यातली सगळ्यात जास्त वापरात असलेली पद्धत. सोय मोठी आहे. पण तार धरून चालत जायचे दिवस संपले. पत्ता चुकला तर वायर धडधाकट असते, दिवा लुकलुकत असतो आणि स्पीकर मुका. वायर जोडलेली आहे एवढंच तो दिवा सांगतो, आवाज जातोय की नाही हे सांगत नाही.

आता त्या दिवसाचं. सभागृह आम्हाला दुपारी दोनला मिळायचं होतं. आधी एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं, ते लांबलं, पावणेपाचला स्टेज मोकळं झालं. साडेसहाचा कार्यक्रम. आमचा मिक्सर आणि स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माईक ज्याला जोडतात तो डबा) लावला, ते एकमेकांशी लगेच बोलायला लागले. सभागृहाचे चार ॲम्प मात्र लॅपटॉपवर लाल अक्षरांत दिसत होते. लाल नाव म्हणजे यंत्र दिसतंय, पण त्याच्या जोडणीत काहीतरी चुकलंय.

चूक पत्त्यांची होती. अशा यंत्रांना काहीच सांगितलं नाही आणि पत्ते वाटणारा राऊटर जाळ्यात नसला, तर ती स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतात आणि एकमेकांना शोधून काढतात. आमची दोन्ही यंत्रं तशीच होती. सभागृहाच्या ॲम्पना मात्र आधी कुणीतरी हातानं १९२.१६८ चे कायमचे पत्ते देऊन ठेवलेले. अशा दोन आळ्यांतली यंत्रं एका स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी ज्यात येतात त्या डब्याला, जोडली तरी एकमेकांशी बोलत नाहीत. यात वाईट काहीच नाही. कायमचा पत्ता देणं ही चांगलीच पद्धत आहे, पण तो कुठे लिहून ठेवला असेल तर. यंत्रांच्या कपाटाच्या दारावर कागद नाही, व्यवस्थापकांच्या फाईलमध्ये नाही. स्विचचा पासवर्ड कुणाला माहीत नाही. बसवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर गेली.

ॲम्पची खोली वरच्या मजल्यावर. चावी वॉचमनकडे, आणि तो चहाला गेलेला. तो आल्यावर एकेका ॲम्पच्या बोटभर पडद्यावर बटणं दाबत मी पत्ते वहीत उतरवले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर तिसऱ्याचाच पत्ता! म्हणूनच तो लॅपटॉपवर मधूनच दिसायचा आणि मधूनच गायब व्हायचा. एका पत्त्यावर दोन यंत्रं असली की कधी एकाला निरोप मिळतो, कधी दुसऱ्याला. चारही ॲम्प मी आपोआप पत्ता घेण्यावर आणले, बंद करून परत चालू केले. लाल अक्षरं काळी झाली तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. एक ॲम्प अजूनही आवाज घेत नव्हता. तो ४४,१०० वर आणि बाकी सगळे ४८,००० वर चालले होते. सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे याचा तो आकडा. तो जुळल्याशिवाय जोडणी होत नाही. तोही बदलला.

मग सूर सोडला, आणि त्याच वेळी आयोजकांनी दारं उघडली. बाहेर म्हातारी माणसं उन्हात उभी होती, आयोजकांना दोष देता येत नाही.

त्या बारा मिनिटांत काय सापडलं ते पत्रलेखकांना सांगायला हवं. डाव्या बाजूला सूर सोडला, ठीक. उजव्या बाजूला ६ डेसिबल कमी, म्हणजे व्होल्टेज निम्मं. ॲम्पच्या मागचा खटका कुणीतरी खाली ओढून ठेवला होता. हे सापडलं नसतं तर उजवीकडच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी मध्यंतरात येऊन ‘आवाज वाढवा’ सांगितलं असतं, मी वाढवला असता, आणि डावीकडच्यांनी कान धरले असते. दर कार्यक्रमात हेच होतं आणि लोकांना वाटतं साऊंडवाला ऐकत नाही.

नंतरची ती खरखर म्हणजे पिंक नॉइज. खर्जापासून तारेपर्यंत प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेला गोंगाट. एक सूर एकाच जागेचं सांगतो, हा सगळ्या पट्टीचं सांगतो. माझा मदतनीस बाल्कनीत उभा होता. तिथल्या दोन्ही स्पीकरांवर खरखर सोडली तशी त्यानं वरून हात हलवला. मी वर गेलो. एकेक लावला तर दोन्ही भरदार. दोन्ही एकदम लावले की आवाज पोकळ, खर्ज गायब, आणि नेमका कुठून येतोय तेच कळेना. असं झालं की समजायचं, एका स्पीकरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतात. त्या बाल्कनीत बसून आजवर किती लोकांनी पखवाज ऐकला असेल आणि त्याची धूम त्यांच्यापर्यंत पोचलीच नसेल! स्क्रू सैल करून तारा बदलल्या. पुन्हा खरखर सोडली, आणि दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, जिथे नुसती भिंत आहे, तिथून आवाज यायला लागला. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मला बरं वाटतं.

राहिली वेळ. बाल्कनीचे स्पीकर स्टेजच्या स्पीकरांपासून २२ मीटर पुढे आहेत. वीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर चालतो, म्हणजे २२ मीटरला ६४ मिलिसेकंद. बाल्कनीच्या स्पीकरांतला आवाज तेवढा थांबवून सोडावा लागतो, नाहीतर जवळचा आवाज आधी आणि स्टेजवरचा मागून येतो. ‘ज्ञानेश्वर’ शब्दातला ‘श्व’ दोनदा उमटतो आणि शब्द चिखलात रुततो. आमच्या वयाचे श्रोते मग म्हणतात, हल्ली कानच गेले. पुष्कळदा कान शाबूत असतात, मागचे स्पीकर थांबवलेले नसतात. त्या दिवशी हा आकडा शून्य होता. चौसष्ट केला.

मध्यंतरानंतरच्या सात मिनिटांचंही सांगतो. कार्यक्रम यूट्यूबवर दाखवणारा एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, अतिशय मन लावून काम करणारा. त्याला स्विचजवळ एक वायर लोंबताना दिसली. निघाली असेल असं समजून त्यानं ती समोरच्या रिकाम्या भोकात खोचली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. झालं वर्तुळ. त्या वर्तुळात निरोप फिरत राहिले, वाढत राहिले, आणि त्या गर्दीत आवाजाला वाटच उरली नाही. मी लॅपटॉपवर शोधत बसलो. अखेर विंगेत पळत जाऊन एकेक वायर काढली तेव्हा ती सापडली. तोवर बुवा माईकशिवाय गात राहिले. सभागृह शांत होतं, पहिल्या दहा रांगांना ऐकू जात होतं, मागे टाळ्यांचा ठेका धरला होता. तो मुलगा नंतर रडवेला होऊन माझ्याकडे आला. त्याची चूक नव्हती. त्या भोकांवर चिठ्ठी नव्हती, कपाटाला कुलूप नव्हतं, आणि यूट्यूबसाठी वेगळा स्विच दिलेला नव्हता.

तो स्विचही ऑफिसात लावतात तसला, वीज वाचवणारा. काम कमी दिसलं की तो डुलकी घेतो. कागद छापायला चालतं, आवाजाला चालत नाही. जाळ्यातली सगळी यंत्रं एका यंत्राच्या घड्याळावर चालतात, दिंडीतले टाळकरी एका पखवाजावर चालतात तशी. निरोप डुलकीमुळे उशिरा पोचला की लय चुकते आणि मधूनच ‘टक्’ ऐकू येतं. वीजबचतीची ती सोय स्विचमध्ये बंद करता येते. पण त्यासाठी पासवर्ड लागतो, आणि तो कुणाकडेच नाही, हे वर आलंच आहे.

माझं मागणं नव्या यंत्रांचं नाही. आहेत ती चांगली आहेत. सार्वजनिक पैशातून जेव्हा जेव्हा सभागृहात ध्वनियंत्रणा बसते, तेव्हा ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी त्याच्याकडून एक कागद घ्यावा. प्रत्येक यंत्राचं नाव, पत्ता, तो कायमचा की आपोआपचा, नमुन्यांचा आकडा, कुठल्या भोकात कुठली वायर, कुठला स्पीकर किती थांबवला आहे, आणि स्विचचा पासवर्ड कुणाकडे आहे. पासवर्ड सोडून बाकी सगळं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावं. पत्ते एक तर सगळे आपोआप ठेवावेत, नाहीतर सगळे कायमचे. अर्धे असे अर्धे तसे कधीही नकोत. जिथे रोज बाहेरची मंडळी आपली यंत्रं घेऊन येतात, तिथे आपोआपच बरे, असं माझं मत. आणि सभागृहाच्या भाड्याच्या पावतीवर आवाज तपासण्याचा एक तास वेगळा लिहिलेला असावा. त्या तासात दारं बंद. आधीचा कार्यक्रम लांबला तर तो तास कापायचा नाही, कार्यक्रम उशिरा सुरू करायचा.

आयोजकांनाही एक सांगतो. माईकवर टिचक्या मारू नका, फुंकर तर घालूच नका. फुंकरेतली वाफ आत जाते, आणि आतला पडदा अतिशय नाजूक असतो. सरळ दोन वाक्यं बोला, ज्या जोरात भाषण करणार त्याच जोरात.

हे सभागृहापुरतं असतं तर मी एवढं लांबवलं नसतं. पण २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. २०१५ मध्ये, २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला, मी एका रस्त्यावरच्या भोंग्यांच्या कामावर होतो. दोन खांबांमध्ये साधारण १०० मीटर अंतर, भोंगे एकमेकांकडे तोंड केलेले आणि दोन्हींतून एकाच क्षणी आवाज. खांबाखाली उभं राहिलं की जवळचा भोंगा आधी बोलायचा आणि दूरचा जवळपास तीन दशांश सेकंदानं मागून. ‘पुढे रस्ता बंद आहे, डावीकडे वळा’ यातला ‘बंद’ आणि ‘डावीकडे’ एकमेकांवर चढायचे. सटाण्याकडची एक आजी नातीचा हात धरून माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, ‘काय सांगून राह्यला रे बाबा तो?’ मी तिला डावीकडे वळायला सांगितलं. तिच्या मागे जे हजारो गेले त्यांना कुणी सांगितलं असेल, देव जाणे. २००३ च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. गर्दीला एक वाक्य वेळेवर आणि स्पष्ट ऐकू जाणं म्हणजे काय असतं, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

भोंगे गर्दी चालते त्याच दिशेला तोंड करून लावले आणि पुढच्या प्रत्येक खांबावरचा आवाज अंतराप्रमाणे थांबवून सोडला, तर हा घोटाळा होत नाही. खर्च लागत नाही, एक माणूस आणि एक संध्याकाळ लागते. प्रत्येक खांबावर आधी एकट्याला सूर सोडायचा, खाली उभ्या माणसानं वहीत खूण करायची, मग पुढचा. आजूबाजूला राहणाऱ्यांना त्रास नको म्हणून हे दिवसाच करायचं. रात्री दहानंतर नियमानंही मनाई आहेच, आणि शाळा-दवाखान्यांच्या १०० मीटरांत दिवसासुद्धा जपून. मोठ्या यंत्रणांमध्ये आणखी एक सोय असते. माणसाला ऐकू न येणारा, २० किलोहर्ट्झच्या आसपासचा सूर तारांमधून सतत सोडून ठेवतात. एखाद्या ओळीत तो पोचेनासा झाला की नियंत्रण कक्षात लगेच दिवा लागतो. तार तुटल्याचं गर्दी जमल्यावर नव्हे, तुटली त्याच मिनिटाला कळतं. सिंहस्थाच्या निविदेत ही सोय आणि तो पत्त्यांचा कागद, दोन्ही अट म्हणून घालावीत, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे. मी आणि या धंद्यातले माझ्या ओळखीचे चार-सहा जण खांबाखाली वही घेऊन विनामोबदला उभे राहायला तयार आहोत.

त्या सभागृहाचा कागद मी त्याच रात्री वहीतून उतरवून काढला आणि कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. चारही ॲम्प, स्विच, बाल्कनीचे ६४ मिलिसेकंद, सगळं आहे त्यावर. पुढे तिथे जो कुणी काम करेल त्यानं काही बदललं तर खाली तारीख घालून लिहावं.

आणि ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांना विनंती. पुढच्या महिन्यात तिथेच आमचा कार्यक्रम आहे. शक्य असेल तर तासभर आधी या. मी वॉचमनला सांगून ठेवतो, तो आत सोडेल. बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसा. मी खालून सूर सोडीन, नंतर खरखर, नंतर माझा मदतनीस ‘ज्ञानेश्वर माउली’ म्हणेल. शब्द एकदाच ऐकू आला तर हात वर करा, दोनदा आला तर दोन्ही हात. खालून मला ते कळत नाही, वरती एक चांगला कान लागतो.

आपला नम्र,
एक साऊंडवाला
पंचवटी, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)